फेरफार कबूल

सोमवार, ३० जून २०२५

अर्ज फेटाळला. नायब तहसीलदार साहेबांच्या आदेशाची नक्कल आज हाती आली. तहसिलीच्या व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचली. मग पुन्हा वाचली, कारण क्षणभर वाटलं की चूक माझ्याच समजण्यात आहे. नव्हती.

प्रकरण अगदी साधं आहे. हिची मावशी जिजाबाई इथल्याच सावरटोल्याची. नवरा तिरोडीच्या खाणीत होता, तो आधीच गेलेला, मूलबाळ नाही. शेवटची काही वर्षं हिनंच तिचं सगळं केलं. त्यासाठीच मी गोंदिया जिल्ह्यातल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही बिऱ्हाड उचललं आणि हद्द ओलांडून मध्यप्रदेशात आलो. मावशीनं जिवंतपणीच नाल्याकाठची धानाची बांधी, म्हणजे खाचर, हिला बक्षीसपत्रानं दिली, रजिस्ट्री करून दिली. मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता राहिलं होतं एवढंच की सरकारी कागदावर मावशीचं नाव खोडून हिचं नाव चढवायचं. म्हणजे फेरफार करायचा. त्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, हिंदीत, कुठल्याही वकिलाच्या दारात न जाता. मी उभी हयात मराठी शिकवली आहे. हिंदी काय, तिची सख्खी बहीण. क्रियापदं तेवढी बदलली की झालं.

आक्षेप घेतला दुलीचंदनं. हा मावशीच्या दिराचा मुलगा, मूळचा महाराष्ट्रातल्या तुमसरचा. त्याचं शेत आमच्या बांधीला लागून. मावशीच्या माघारी बांधी आपल्याकडे येईल असं त्यानं मनात धरलेलं.

आदेशातलं एक वाक्य इथं उतरवून ठेवतो, कारण असं तर्कशास्त्र पुन्हा बघायला मिळणार नाही: 'आवेदिका ने अभिलेख में फेरफार की बात स्वयं स्वीकार की है, अतः आवेदन निरस्त किया जाता है।' अहो साहेब, मी फेरफार मागितला. तुम्ही म्हणता की आम्ही तो कबूल केला. दोघांचंही एकमत आहे, मग अर्ज फेटाळता कसला? सातवीच्या मुलानं असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

घरी आलो तेव्हा ही ओट्यावर बसून धानाची रोवणी, म्हणजे लावणी, करणाऱ्या बायांचा हिशेब लावत होती.

"नाही म्हनले?"

"नाही म्हणाले."

"काहून?"

"तर्क कच्चा आहे त्यांचा."

तिनं हिशेबाचा कागद दुमडला. मग म्हणाली, "मले काही लय नाही पाहिजे वो. घर तुमच्या नावानं, गॅस तुमच्या नावानं, पेन्शन तं तुमचीच. एक बांधी माह्या नावानं असती, एवढंच म्हनलं होतं."

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिला सांगितलं, अपील करीन आणि जिंकून दाखवीन.

बुधवार, २ जुलै

अपील कोणाकडे करायचं हा प्रश्न लोकांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. आदेशाखाली शिक्का कोणाचा? नायब तहसीलदाराचा. नायब म्हणजे दुय्यम. सहायक शिक्षकानं चूक केली तर पालक कोणाकडे जातो? मुख्याध्यापकाकडे. म्हणजे मी तहसीलदारांकडे जायचं. सरळ गोष्ट.

राजूच्या टपरीवर हे बोललो तर तो चहा गाळता गाळता म्हणाला, "नाही जी गुरुजी. नायब साहब का अपील एसडीएम के पास होता है. माह्या साल्याचं झालं होतं."

"एसडीएम म्हणजे कोण?"

"अनुविभागीय अधिकारी नं जी. पाटीवर लिवलं हाय."

आता मला सांगा, 'अनु' म्हणजे काय? अनुज म्हणजे धाकटा. अनुचर म्हणजे मागून चालणारा. ज्याच्या पदातच 'अनु' आहे तो नायबाच्या वर कसा बसेल? आमच्याकडे महाराष्ट्रात उपविभागीय अधिकारी असतो, त्याचं तरी कळतं. राजूला मी उपसर्गांचा सगळा पाठ समजावून दिला. तो "हौ जी, हौ जी" करत राहिला आणि गिऱ्हाईक दिसताच सुटल्यासारखा पळाला.

टपरीवरच्या हिंदी पेपरात मोठ्या अक्षरांत बातमी होती, 'धान के वज़न में फेरफार, प्रबंधक निलंबित.' कुठल्याशा सोसायटीतलं प्रकरण. धान वाळलं की वजनात बदल होणारच. त्यासाठी माणसाला घरी बसवतात? या प्रांतात शिक्षणाकडे कोणी लक्ष देत नाही हेच खरं.

शुक्रवार, ४ जुलै

तहसीलदारांकडे जायला सकाळी निघालो तर हिनं दोन डबे हातात दिले.

"दोन कशाला?"

"दुलीचंदभाऊ बी त्याच बसनं चालले, खताले. त्याची बायको माहेरी गेली हाय. उपाशी राहीन तो."

"अगं, तो विरुद्ध पक्ष आहे!"

"भांडन बांधीचं हाय. भाकरीचं कोनतं भांडन?"

दुलीचंद बसमध्ये माझ्याच बाकावर येऊन बसला. त्यानं डबा घेतला, उघडला, लसणाची चटणी बघून डोळे मिटले आणि म्हणाला, "भाऊजी, बाईच्या हातची चव माह्या घरी नाही येत." सगळं संपवून वर म्हणतो, "केसीचं मनावर नका घेऊ. केस आपल्या जागी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सगळीकडं चिखलणी चालली होती.

तहसीलदार सज्जन निघाले. बसायला खुर्ची दिली, कागद वाचला. म्हणाले, "गुरुजी, नायब साहब का आदेश हो या मेरा, दोनों की अपील मेरे यहाँ नहीं होती. एसडीएम साहब के यहाँ जाइए. पैंतालीस दिन की समय-सीमा है, देर मत कीजिए."

मुख्याध्यापकही असंच करतात. आपल्या शिक्षकाला सांभाळून घ्यायचं आणि पालकाला दुसरीकडे धाडायचं. हे दुखणं मला माहीत आहे. आता एकदम वर जायचं, बालाघाटला. मंगळवारी तिथं जनसुनवाई असते, मोठे अधिकारी बसतात. पायऱ्या चढत बसायची गरज नाही.

रविवार, ६ जुलै

संध्याकाळी विहारातून परत येताना ही हळूच म्हणाली, "तुमी अर्जात फेरफार लिवलं नं? इकडे नामांतरन म्हनतेत."

मी तिला समानार्थी शब्दांबद्दल सांगितलं. पाणी, जल, नीर. शब्द बदलला म्हणून वस्तू बदलत नाही. घर येईपर्यंत उदाहरणं देत होतो.

"हौ," ती म्हणाली.

हिचं 'हौ' दोन तऱ्हेचं असतं. एक 'पटलं' असं आणि एक 'तुमचं चालू द्या' असं. आजचं दुसऱ्या तऱ्हेचं वाटलं. पण दिवसभर रोवणीत वाकून दमली होती, म्हणून मी ताणलं नाही.

मंगळवार, १५ जुलै

मोठा दिवस! सकाळच्या गाडीनं बालाघाटला पोचलो. जनसुनवाईला ही गर्दी. एकाची विहीर, एकाची विधवा पेन्शन, एका म्हाताऱ्याला कागदोपत्री मृत दाखवलेलं, तो बिचारा जिवंत असल्याचं सांगायला उकव्याहून आलेला. माझा नंबर आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी माझं निवेदन घेतलं. सात पानांचं होतं. त्यांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं पान पाहिलं, माझ्याकडे बघून छान हसल्या आणि कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं, 'एसडीएम, नियमानुसार.'

बघा! वरून थेट हुकूम सुटला. त्या 'अनु'ला आता हे प्रकरण हाती घ्यावंच लागेल. बाईंना नमस्कार केला. बाहेर येऊन गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाल्ले आणि हिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या.

घरी आलो तर कुलूप. बऱ्याच वेळानं ही आली. अंगावर कुठं लग्नकार्याला नेसते ती जांभळी साडी, डोळ्यांना चष्मा.

"कुठं गेली होतीस?"

"बाजारात."

पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. कोथिंबीर घ्यायला चष्मा कशाला लागतो, हे विचारणार होतो, पण माझीच बातमी एवढी मोठी होती की ते राहून गेलं. मी लाल शेरा दाखवला. तिनं चष्म्यातूनच तो वाचला आणि म्हणाली, "बरं झालं. तुमी बी त्याच दारात येऊन पोचले."

'तुमी बी' का म्हणाली कोण जाणे. बांगड्या लगेच घातल्या.

शनिवार, २६ जुलै

दुपारी दुलीचंद हातात एक कागद घेऊन आला. "भाऊजी, वाचून द्या नं जी. चष्मा फुटला."

एसडीएम कार्यालयाची नोटीस! अपील प्रकरण, अनुसया बोरकर विरुद्ध दुलीचंद, सुनावणी अकरा ऑगस्टला. मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा. बालाघाटच्या एका लाल ओळीत केवढी ताकद असते! मी अजून त्या कार्यालयाची पायरीही चढलो नाही आणि नोटीस निघाली. लोक म्हणतात सरकार हलत नाही. योग्य जागी बोट ठेवलं की हलतं.

दुलीचंदला मी हे सगळं समजावून सांगत होतो. तो माझ्याकडे न बघता सारखा हिच्याकडे बघत होता. ही चहाचा कप त्याच्यापुढं ठेवून लगेच आत गेली. तिला हसू येत होतं असं वाटलं. आनंद झाला असणार.

सोमवार, ११ ऑगस्ट

तिघं एकाच बसनं गेलो. साहेब दौऱ्यावर. पुढची तारीख एक सप्टेंबर.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी. कार्यालयाबाहेर टिनाच्या शेडमध्ये वकील बसतात. तिथली एक तरुण वकील, राखी नाव, काळा कोट, हिला बघून उठूनच उभी राहिली. "आलात काकू? टेंशन मत लो, अगली बार हो जाएगा." तिचं मराठी अर्ध्या वाक्यात संपतं.

"ही तुला कशी ओळखते?" मी विचारलं.

"बाजारात भेटली होती."

हिचा बाजार बराच मोठा आहे.

परतताना दुलीचंदनं तिघांना समोसे घेतले. घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न पडला. घेतले.

रविवार, ३१ ऑगस्ट

उद्या सुनावणी. मी बोलण्याचे मुद्दे काढले आहेत. पहिला, 'अतः' या अव्ययाचा चुकीचा वापर. दुसरा, 'स्वीकार करणे' या क्रियेचा अर्थ. तिसरा, तर्काचे नियम. आरशापुढं एकदा म्हणून पाहिले. आवाज अजून वर्गातल्यासारखा लागतो.

हिनं सगळं ऐकलं. "लय चांगलं बोलता," म्हणाली. मग माझा सदरा इस्त्रीला घेतला आणि सदऱ्याकडं बघतच म्हणाली, "उद्या थोडं मले बी बोलू द्यान."

"तुला काय बोलायचंय?"

"मावशी माही होती नं."

मी मुद्द्यांचा कागद घडी घालून ठेवला.

सोमवार, १ सप्टेंबर

काय लिहू आणि कसं लिहू. जसं झालं तसं लिहितो.

शिपायानं पुकारा केला, "अनुसया बोरकर!" मी सदरा सारखा करून पुढं झालो. एसडीएम साहेब रीवाकडचे, डोक्यावर थोडे केस, चेहरा शांत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"अनुसया आप हैं?"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मी बाजूला झालो. ही पुढं आली आणि तिच्या शेजारी ती राखी वकील उभी राहिली. मला वाटलं, मुलीची फाईल चुकली. पण तिनं वकीलपत्रावर बोट ठेवलं. खाली हिची सही होती आणि तारीख होती पंधरा जुलै. मी बालाघाटला गेलो तो दिवस. कोथिंबिरीचा दिवस.

राखी म्हणाली, "सर, पूरा मामला एक शब्द का है. अपीलार्थी के पति महाराष्ट्र में शिक्षक रहे हैं, आवेदन उन्होंने लिखा. महाराष्ट्र में नामांतरण को फेरफार कहते हैं. हमारी हिंदी में अभिलेख में फेरफार, मतलब गड़बड़ी, छेड़छाड़. उन्होंने लिखा, 'मौसी के जीवित रहते ही फेरफार करने का हम सबने मिलकर तय किया था.' पढ़ने वाले ने समझा, ये लोग जालसाज़ी कबूल कर रहे हैं."

माझे कान असे तापले की वाटलं, लोकांना दिसत असतील. मी सात महिने हातात धरून फिरलो तो शब्द, आणि तो त्यांच्या भाषेत चोरीचा होता! मी अर्ज केला नव्हता, हिच्या नावानं गुन्हा कबूल करून आलो होतो, तोही शुद्ध अक्षरात. पेपरातला तो निलंबित प्रबंधक डोळ्यांपुढं उभा राहिला. नायब साहेबांचं तर्कशास्त्र अगदी बिनचूक होतं. बाकावर मलाच उभं करायला हवं होतं.

साहेब दुलीचंदकडं वळले. "आप भी उधर के ही हैं. आपके यहाँ फेरफार किसको कहते हैं?"

दुलीचंदनं साहेबांकडं पाहिलं, आपल्या चपलांकडं पाहिलं, मग हिच्याकडं. ही त्याच्याकडं बघत होती, पण डोळ्यांत राग बिग काही नव्हता. बसमध्ये 'आणखी भाकर देऊ का' विचारते तशीच बघत होती.

"आता खोटं कायले बोलू साहेब," तो म्हणाला. "फेरफार म्हंजे नाव चढवनं. माह्या बापाच्या जमिनीचा तुमसरले फेरफारच झालता."

"तो फिर आपत्ति में यह क्यों लिखवाया कि इन्होंने फेरफार कबूल किया?"

"मी नाही लिवलं जी, लिवनाऱ्यानं लिवलं. मले वाटलं, गलतीनं काम होऊन राह्यलं तं होऊ द्या."

सगळे हसले. साहेबही हसले, मग चेहरा सारखा करून विचारलं, "मौसी ने अपनी मर्ज़ी से दी थी ज़मीन?"

दुलीचंदनं मान खाली घातली. "हौ जी. रजिस्ट्रीले मीच ट्रॅक्टरवर बसवून नेलतं तिले."

मग साहेबांनी हिला विचारलं, आपल्याला काही सांगायचं आहे का. माझ्या खिशात मुद्द्यांचा कागद होता. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. ही दोन पावलं पुढं गेली, पदर सावरला आणि तिच्या हिंदीत बोलली.

"साहब, हमारे इनका मराठी बहुत अच्छा है. हिंदी में थोडा घोटाला हो गया."

"काकू!" राखीनं डोक्याला हात लावला. "घोटाला मत बोलिए!"

ह्या शब्दाचंही तसंच असणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी खाली बघितलं. आमच्याकडं घोटाळा म्हणजे गोंधळ. यांच्याकडं बहुतेक तुरुंग.

साहेबांना मात्र हसू आवरेना. रुमालानं डोळे पुसत लिहिणाऱ्या बाबूला म्हणाले, "लिखो मत, लिखो मत. बोलिए माताजी."

"मावशी को मैंने नहलाया, खिलाया. वो मेरे को बोली, ये बांधी तू रख. मेरे को दूसरे का कुछ नहीं चाहिए. उसने जो दिया, उस पर मेरा नाम चाहिए. बस."

एवढंच बोलून ती मागं सरली. मी आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले. एवढ्या कमी शब्दांत एवढं स्पष्ट मला आजवर लिहिता आलेलं नाही.

आदेश नंतर कळवतो म्हणाले.

घरी रात्रीची भाकर झाल्यावर विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"आदेश आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. राखीची माय माह्यासंग रोवणीले येते. तिनं पोरीले फोन लावून देला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगतलं होतं. तुमी पानी, जल, नीर म्हनले." मग जरा थांबून, "जास्त सांगतलं असतं तं तुमी राखीसंग भांडाले गेले असते. मुदत निघून गेली असती. म्हनलं तुमी बालाघाटले जाऊन या. मी इकडचं पाहतो."

मी रागावलो नाही म्हटलं तर खोटं होईल. आधी रागावलो. मग लाज वाटली. मग ते सात पानांचं निवेदन आणि त्या बाईंचं ते छान हसणं आठवलं आणि मलाही हसू फुटलं. ती घाबरून बघायला लागली, मग तीही हसली. एवढे आम्ही फार दिवसांत हसलो नव्हतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

राजूला सांगितलं की तुझं बरोबर होतं, अपील एसडीएमकडेच. तो म्हणाला, "मंग ते 'अनु'चं काय झालं जी?" म्हटलं, अनु नावाच्या माणसांना कमी लेखू नये, हे माझ्या लग्नातच लक्षात यायला हवं होतं. त्याला विनोद कळला नाही. मला पुष्कळ बरं वाटलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

आदेश आला. राखीनं फोनवर वाचून दाखवला. 'अपील स्वीकार की जाती है. नायब तहसीलदार का आदेश निरस्त किया जाता है.' तोच शब्द, निरस्त. जूनमध्ये कानाला किती कडू लागला होता! नामांतरण हिच्या नावे करण्याचा हुकूम झाला आहे.

हिला सांगितलं तेव्हा ती गोठ्यात शेण काढत होती. "बरं," म्हणाली आणि काम करत राहिली. थोड्या वेळानं चहा मागायला गेलो तर ती तिथंच बादलीवर बसून पदरानं डोळे पुसत होती. मी शेजारी बसलो. सदऱ्याला शेण लागलं. लागू दे.

संध्याकाळी दुलीचंद आला. "भाऊजी, आता याच्यावर अपील कुठं होते?"

मी त्याला खरंच सांगितलं. दुसरं अपील, आयुक्त, जबलपूर. मुदत पाळ, उगाच मधल्या दारांत हिंडू नको, आणि अर्ज इथल्या माणसाकडून लिहून घे. माझ्याकडून नको.

त्यानं जरा विचार केला. "जबलपूरले कोन जाते जी? तितकी लांब डबा कोन देईन?" मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "बाई, आपल्या दोघांच्या मधातल्या धुऱ्यावरची ती झाडं मी छाटून देतो. सावली पडते तुह्या धानावर."

तुह्या धानावर म्हणाला. मी ऐकलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

धान कापायला आलं आहे. ही पहाटेच बायांना घेऊन शेतात गेली. उन्हं वर आल्यावर पटवारी मोटारसायकलनं आले. रेकॉर्डवर नाव चढलं, आता जागेवर पंचनामा करायचा. मी त्यांच्याबरोबर बांधीभर फिरलो. चतुःसीमा दाखवल्या, पूर्वेला नाला, पश्चिमेला दुलीचंद. त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सगळं लिहिलं. मी सवयीनं खिशातून पेन काढलं.

"आप नहीं, गुरुजी," पटवारी म्हणाले. "भूमिस्वामी के दस्तखत चाहिए. कहाँ हैं वो?"

ती पार त्या टोकाला, नाल्याकडं, पाठमोरी वाकून विळा चालवत होती. मी हाक मारली, "अगं!" तिथं पाच-सहा बाया होत्या. एकीनंही मान वर केली नाही. 'अगं' कोणाचीही असते. "ऐकलं का!" तरी कोणी ऐकलं नाही. पटवाऱ्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले.

लग्न झाल्यापासून मी हिला नावानं हाक मारलेली नाही. आमच्या घरी तशी रीत नव्हती, आणि पुढं कधी गरज पडली नाही. या वहीतसुद्धा 'ही' आणि 'ती' यांवर भागवलं आहे. मी बांधावर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "अनुसया!"

सगळे विळे थांबले. ती ताडकन उभी राहिली. विळा टाकला आणि कापलेल्या धानातून, लुगडं वर धरून, जवळजवळ पळतच आली. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं वो? कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही," मी म्हणालो आणि पेन पुढं केलं. "सही पाहिजे तुमची."